आमच्या होडीचेही ‘आर्थिक आयुष्य’ मोजा, साहेब

तेलविहिरींच्या मुदतवाढीच्या फायली हाताळणारे मा. साहेब, मु. पो. दिल्ली, यांस



गेल्या मंगळवारी सातपाटीच्या धक्क्यावर एक कागद डकवलेला दिसला. सात ओळींचा. सर्वेक्षणाचे जहाज येणार, जाळी काढून घ्या, लांब राहा. खालची सही कुणालाच लागली नाही. किती दिवस, ते लिहायला जागा उरली नसावी.

हे सर्वेक्षण कशासाठी ते शोधताना लेकीने मोबाइलवर तुमचे 2016 चे धोरण काढून दिले. लहान-मध्यम तेलक्षेत्रांच्या मुदतवाढीचे. काय टापटीप! कंपनीने निदान 2 वर्षे आधी अर्ज करायचा, तुमच्या तेलखात्याच्या महासंचालनालयाने 6 महिन्यांत शिफारस करायची, सरकारने 3 महिन्यांत निर्णय द्यायचा. मिळणार 10 वर्षे, किंवा क्षेत्राचे ‘आर्थिक आयुष्य’, जे आधी सरेल ते. विहिरीलाही आयुष्य असते आणि ते मोजायला माणसे नेमलेली असतात, हे वाचून भरून आले. माझ्या होडीच्या परवान्याचा कागद तीन महिने एका टेबलावर झोपला आहे. तोवर सवलतीचे डिझेल बंद. त्या कागदाचे आयुष्य कोण मोजतो?

सर्वेक्षण नको असे नाही. 1974 साली ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या जहाजाला मुंबई हायमध्ये तेल लागले, तेव्हा आमच्या आजाने पेढे वाटले होते. पण तुमच्या जहाजाला वादळ नको, पाऊस नको. निवांत समुद्र हवा. आम्हालाही तोच हवा! जून-जुलै मासेमारी बंद, पुढचे चार पैशांचे महिने तुम्ही मागता. मागता कुठे, डकवता.

हे जहाज मागे मैलोगणती केबल ओढत हवेचे बार काढते म्हणे, आणि तळातून आलेला प्रतिध्वनी ऐकते. 2023 साली सरकारने पापलेटला राज्यमासा केले. त्या राजेसाहेबांना या सलामीची आगाऊ सूचना गेली होती का? डोल जाळ्याची कव, म्हणजे तळात ठोकलेला खुंट, एकदा उपटली की पुन्हा ठोकायला माणसे, दोर, दिवस, उधारी. भरपाई मागायला गेलो तर म्हणतात, पावती दाखवा. जो मासा जाळ्यात आलाच नाही, त्याची पावती कुठून आणू? लाज वाटत नाही असे विचारायला?

माफ करा, सूर चढला. कागद डकवायला आलेला पोरगा साताऱ्याकडचा होता. म्हणाला, “काका, मी समुद्र पहिल्यांदाच बघतोय, मला वरून सांगितलं.” चहा पाजला त्याला. तुम्हालाही वरूनच सांगत असतील. दोन-तीन वर्षांत तुमची बदली होईल, विहीर तिथेच राहील. तुम्हाला कुणी मुदतवाढ देणार नाही.

तेवढ्यात एक करा. सोबत परवान्याच्या अर्जाची प्रत जोडली आहे, पाचवी. तीवर 3 महिन्यांत निर्णय द्या. नाहीतर 6 महिन्यांत शिफारस तरी.

आपला,
एक नाखवा

ता. क. प्रतीला माशाचा वास येईल. नाइलाज आहे.