कंपनी-फिटिंग टायर निवडणाऱ्या साहेबांस खुले पत्र

मा. साहेब,

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, आपण आमच्या पिकअपसाठी पसंत करून पाठवलेले चारही टायर आम्ही परवा नाक्यावरच्या दुकानात उतरवले. मृग तोंडावर आला होता. नक्षी अजून शिल्लक होती, कुठे फुगवटा नव्हता, दुकानदारसुद्धा म्हणाला, "अजून एक सीझन मारतील की." तरीही उतरवले. एवढ्या अभ्यासाने केलेली निवड परस्पर मोडली, तेव्हा आपल्याला कळवणं आमचं कर्तव्य समजतो.

आधी आपलं कौतुक. आपल्या टायरांनी डिझेल वाचवलं, याबद्दल तक्रार नाही. टायरच्या दुकानातल्या बाकड्यावर बसून आम्हाला रबराचं जे शास्त्र कळलं ते असं: चाक फिरतं तेव्हा रस्त्याला टेकलेला भाग दबतो आणि सुटतो, आणि दर खेपेला थोडी ताकद उष्णतेत जाते. जे रबर ही ताकद कमी खातं ते डिझेल वाचवतं. पण ओल्या डांबरावर गाडी धरून ठेवायला रबराचा हाच खादाडपणा कामी येतो. रबर मऊ केलं तर पकडतं आणि लवकर झिजतं, कडक केलं तर टिकतं आणि घसरतं. पकड, टिकाऊपणा आणि मायलेज तिन्ही हवं असेल तर सिलिकासारखा महागाचा माल घालावा लागतो, आणि चार पैसे वाचवायचे तर तिघांपैकी एकाला उपाशी ठेवावं लागतं. मायलेज माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापतात. टायर किती किलोमीटर जातो हे प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. ओल्या उतारावर भरलेली गाडी किती फुटांत थांबते हे छापतही नाहीत आणि कुणी विचारतही नाही. मग उपाशी कुणाला ठेवायचं हे ठरवायला आपल्याला मीटिंगसुद्धा लागली नसेल.

2022 साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून टायरांना ओल्या रस्त्यावरच्या पकडीची कसोटी लावली, आणि हलक्या मालगाड्यांचे टायरही त्यात आले. पकड किमान किती असावी हे आता ठरलेलं आहे. किमान म्हणजे तेवढीच, असा त्याचा अर्थ आपल्या विभागात लावला गेला असावा, अशी आम्हाला नम्र शंका आहे.

आपल्या माहितीसाठी आमची लाइन सांगतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरायचा, आळेफाटा, ओतूर करत माळशेज उतरायचा, मुरबाड-कल्याणवरून वाशी. टोमॅटोचं क्रेट साधारण वीस किलोचं. गाडीचं पासिंग 1.7 टनाचं धरलं तर हिशेबाने 85 क्रेट बसतात. प्रत्यक्षात किती बसतात ते आम्ही इथे लिहीत नाही, कारण हे पत्र खुलं आहे.

आता आषाढातला माळशेज डोळ्यांसमोर आणा. धुकं इतकं की पुढच्या टेम्पोचा लाल दिवा तेवढा दिसतो, टेम्पो दिसत नाही. कड्यावरून पाणी थेट रस्त्यावर उतरतंय. वळणाच्या तोंडाशी कुणीतरी सहकुटुंब गाडी लावून धबधब्याखाली उभं राहून फोटो काढतंय, आणि त्यांच्यामागे कणीसवाल्याची शेगडी. अशा ठिकाणी आमच्या ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवला की मागचं सगळं वजन पुढे झुकतं आणि सगळी मदार पुढच्या दोन टायरांवर येते. आपले टायर अशा वेळी लगेच नाही म्हणत नाहीत. आधी किंचित सरकतात, मग विचार करतात, मग पकडतात. त्या विचार करण्याच्या वेळेत कणीसवाला शेगडी सोडून पळालेला असतो.

येताना तऱ्हा वेगळी. गाडी रिकामी, मागचे पाटे ताठ, आणि हवा भरलेल्या गाडीच्या हिशेबाची, कारण वाशीत रात्री दोन वाजता मागची हवा कमी करून घेणारा माणूस अजून जन्माला यायचाय. टायर दगडासारखा कडक होऊन मधल्या पट्टीवरच टेकतो. चढाच्या वळणावर ॲक्सिलरेटर दिला की मागचं चाक जागेवर गरगरतं, आणि मुरबाडच्या सपाट रस्त्यावर अचानक ब्रेक लागला की गाडीची मागची बाजू पुढे येऊन आपली चौकशी करते. इथे चूक निम्मी हवेची, हे मान्य. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

दुकानात टायर जमिनीवर आडवा पडला तेव्हा आम्ही तो पहिल्यांदाच वाचला. मालक असून इतके दिवस वाचला नव्हता, पण आमच्या नाक्यावर तो वाचलेला दुसरा मालकही सापडला नाही. 215/75 R15. म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या 75 टक्के, बांधणी रेडिअल, डिस्क 15 इंची. पुढचा आकडा वजनाचा: तिथे 100 असेल तर एका टायरने 800 किलो पेलायचे, 108 असेल तर 1000, तेही हवा पूर्ण असताना. मग एका लांबोळ्या चौकटीत चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ते पाहिल्यावर कळलं की गाडीपेक्षा टायर बरेच आधी जन्मले होते आणि आपल्या यार्डात ऊन खात पडले होते. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की 1.6 मिलिमीटर उरली, म्हणजे कायद्याने टायर संपला. आमच्या टायरांना अजून अवकाश होता. पण खाचेचं काम पाणी बाहेर फेकायचं, आणि ती उथळ होत गेली की पाण्याला जायला वाट उरत नाही. मग टायर रस्त्यावर नसून पाण्यावर चालतो. कायद्याची खाच कोरडी असताना मोजतात, माळशेज ती ओली करून मोजतो.

सगळा दोष आपल्या माथी मारत नाही. आपल्या कारखान्यापेक्षा मोठे विद्वान आमच्या नाक्यावर बसतात. पहिला म्हणाला, "सोळा प्लाय टाक, फुटायचं नाव नाही." टायरवरचा प्लायचा आकडा आता खऱ्या थरांचा नसतो. सुती थरांच्या जमान्यातलं ताकदीचं माप तेवढं शिल्लक राहिलंय, आणि रेडिअलच्या पोटात एखाद-दोनच थर असतात. हे सांगितल्यावर त्यांनी आमच्याकडे दयेने पाहिलं. दुसऱ्याने त्याच डिस्कवर 235 चढवायला सांगितलं, "गाडी भारी दिसती." दिसते खरी. पण 235/75 चढवला की चाक तीन सेंटिमीटरने मोठं होतं, म्हणजे चार टक्क्यांहून थोडं जास्त. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी बासष्टच्या वर असते, घाट चढताना एक गिअर खाली यावं लागतं, आणि जागा भरपूर नसेल तर पूर्ण स्टिअरिंग मारल्यावर टायर मडगार्डला घासतो. शिवाय कंपनीने दिलेल्या मापाबाहेर गाडी बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. यावर त्या गृहस्थांचं उत्तर होतं, "आरटीओला टायरचं माप कुठं कळतंय?"

आरटीओचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. नव्या मालगाडीला दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग करावं लागतं. त्या सकाळी आमच्या भागातल्या काही गाड्यांना टायर इतके नवेकोरे असतात की बघत राहावं. लग्नात उसने दागिने घालतात तसे ते आणलेले असतात. दुपारी ते मूळ मालकाच्या घरी परत जातात आणि गाडी गोटा टायरांवर टोमॅटो आणायला निघते. आपल्या विभागातल्या कुणी कधी त्या सकाळी आरटीओच्या मैदानात येऊन फोटो काढले, तर आपल्या टायरांना हजार वर्षांचं आयुष्य आहे अशी जाहिरात करता येईल.

आम्ही काय घातलं? माप तेच, 215/75 R15. वजनाचा आकडा आपल्यापेक्षा वरचा, नक्षी खोल, रबर मऊ, चारही एकाच बनावटीचे. मागे बटण टायर घाला म्हणून आग्रह झाला, पण आमचा शेतातला रस्ता थोडा आणि डांबर फार. एका एक्सलवर रेडिअल आणि दुसऱ्यावर नायलॉन हा प्रकारही टाळला, जरी दुकानात तो स्वस्तात मिळत होता. अलाइनमेंट, बॅलन्सिंग करून घेतलं. नवा टायर पहिले शे-दोनशे किलोमीटर तुळतुळीत असतो, तेवढं सांभाळून चालवलं. डिझेल जरा जास्त लागेल, टायर आपल्यापेक्षा लवकर झिजेल. ते खर्चात धरलंय. ड्रायव्हरचं मत विचारलं तर म्हणाला, "आता पाय ठेवला की थांबती." त्याचा पगार वाढवायला लागेल असं काही तो बोलला नाही, म्हणून आम्ही जास्त खोलात शिरलो नाही.

विनंती एवढीच. पुढच्या मॉडेलचे टायर निवडण्याआधी आपल्या विभागातला एक साहेब श्रावणात आमच्याकडे पाठवा. बाजारात दुपारी माल भरतो, संध्याकाळी गाडी निघते, ड्रायव्हरशेजारची जागा राखून ठेवतो. माहितीपत्रक आणू नये, भिजेल. रेनकोट आणावा. आणि शक्य झाल्यास दोन फुटी लोखंडी पाइपही आणावा, कारण आपण टायरांसोबत दिलेला व्हीलपाना इतका आखूड आहे की पावसात नट सैल करायला दोन माणसं त्याच्यावर उभी राहावी लागतात. पान्याविषयी सविस्तर पत्र वेगळं पाठवत आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक पिकअपमालक