खांबावरचे तात्या

पुण्याच्या कोणत्याही जुन्या पेठेत, बहुधा तालमीच्या पाठीमागच्या वाड्यात, एखादा माजी मल्लखांबपटू गृहस्थाश्रमात स्थिरावलेला आढळतोच. आमच्या वाड्यातले तात्या हे त्या वर्गाचे अस्सल प्रतिनिधी होते, आणि ते निवर्तल्यापासून माळ्यावरच्या लोणच्याच्या बरण्या खाली कोणी काढाव्यात, हा प्रश्न अद्याप अनिर्णीत आहे. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून त्यांनी उभी हयात जमाबंदीच्या दप्तरांत घालवली, तीन मुली आणि दोन मुलगे यांची शिक्षणे व लग्ने कर्ज न काढता यथासांग पार पाडली. पण स्वतःची ओळख करून देताना हा सारा तपशील गौण मानून ते ‘पूर्वी आम्ही खांबावर होतो’ एवढेच सांगत, आणि नवखा मनुष्य त्यांना तारखात्यातले पेन्शनर समजे.

आपल्या विद्येच्या परंपरेविषयी कोणी सैल बोललेले त्यांना खपत नसे. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला ऊर्जितावस्था आणली, इथपर्यंत ते इतिहासकाराच्या संयमाने बोलत. परंतु वणीच्या सप्तशृंगीने दृष्टांत देऊन दादांना वानराचे शिष्यत्व पत्करायला लावले, ही आख्यायिका सुरू झाली की त्यांचा स्वर असा काही हळवा होई की, ते वानर त्यांच्याच कुळातले असावे, अशी शंका श्रोत्याला येई. १८१८ साली पेशवाई बुडाली याचे दुःख सर्वांनाच असते. तात्यांना ते विशेषेकरून याचे होते की, श्रीमंत ब्रह्मावर्तास गेल्यावर मागे पुण्यातल्या खांबांना वेळच्या वेळी तेल कोणी लावले असेल!

तेल म्हणजे अर्थात एरंडेल. सागवानी वा शिसवी खांब, जमिनीवर सुमारे साडेआठ फूट उंच, माथ्यावर बोंड, त्याखाली मान आणि खाली रुंदावत गेलेले अंग. त्यावर अंग घासून कातडी सोलवटू नये म्हणून एरंडेल चोळायचे, हा तालमीचा शिरस्ता. तात्यांच्या घरी मात्र एकाच बाटलीवर दोन खाती चालत: शनिवारी खांब, रविवारी सकाळी अपत्ये. थोरल्या मुलीचे आजही असे मत आहे की, वडिलांना या दोहोंत फारसा भेद वाटत नसे. एवढेच की, खांब तोंड वेडेवाकडे करीत नसे.

तरीही या गृहस्थाइतका कुटुंबवत्सल मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. वाड्याच्या परसात पुरलेल्या खांबावर अढी मारून, डोके खाली अशा अवस्थेत ते मुलांकडून पाढे म्हणवून घेत. मुलगा एकोणतीसच्या पाढ्यात अडखळला की त्याला शासन करण्यासाठी खाली उतरणे प्राप्त होई, आणि उतरण्याचीही एक शास्त्रोक्त रीत असल्यामुळे ती पाळेपर्यंत राग पार निवळून जाई. त्या मुलांपैकी एकानेही बापाचा मार खाल्ला नाही. याचे श्रेय काही लोक तात्यांच्या स्वभावाला देतात, मी ते खांबाच्या उंचीला देतो.

एकच शल्य त्यांना होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन देशी व्यायामाची प्रात्यक्षिके करून आले. त्या पथकाशी पुण्याच्या या कारकुनाचा सुतराम संबंध नव्हता, कोणी त्यांना विचारलेही नव्हते. पण तात्यांनी कालांतराने त्याला त्यागाचे स्वरूप दिले होते. “त्या वर्षी धाकटीचं बारसं होतं,” ते सुपारी कातरत म्हणत, “घरचं बारसं टाकून हिटलरपुढे कोण फरारे करत बसणार?” यावर माजघरातून काकूंचा शांत आवाज येई, “अहो, धाकटी अडतीस सालची.” तात्या अडकित्ता खाली ठेवीत आणि विषय सप्तशृंगीकडे वळे.

सेवानिवृत्तीनंतर दरसाल हयातीचा दाखला रुजू करण्यासाठी ते त्याच कचेरीत जात. सत्तरी उलटल्यावर एका नव्या, काटेकोर कारकुनाने कागद उलटसुलट पाहून, अर्जदार समक्ष हयात असल्याची खात्री कशी करावी, असा नियमाला धरूनच सवाल केला. तेव्हा तात्यांनी टोपी काढून त्याच्या मेजावर ठेवली, धोतराचा काचा मारला आणि खजिन्याच्या बाकावर शीर्षासन लावून, त्याच स्थितीत, सहीसाठी दौत मागितली. मामलेदारसाहेब स्वतः बाहेर आले, असे सांगतात.

या कामगिरीची कचेरीत एवढी जरब बसली होती की, गेल्या महिन्यात थोरला मुलगा वडिलांच्या मृत्यूचा दाखला घेऊन गेला, तेव्हा त्याच कारकुनाने तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि आवाज खाली आणून विचारले, “डॉक्टरांनी नीट पाहिलंय ना? नाही, त्यांना श्वास कोंडायची सवय होती.”