शुद्धतेचा खटला

कराराप्रमाणे 'शुद्ध आणि आरोग्यदायी' पाणी मिळत नाही म्हणून जर्सी सिटीने पाणी कंपनीला कोर्टात खेचलं. खटला चालू असतानाच, २६ सप्टेंबर १९०८ पासून, कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी शहराला पाणी पुरवणाऱ्या बूंटनच्या जलाशयातल्या पाण्यात जंतू मारायला ब्लीचिंग पावडर सोडायला सुरुवात केली. ना कमिटी, ना परवानगी! पुढे शहराचे वकील त्या औषधावरच तुटून पडले. १९१० मध्ये निकाल औषधाच्या बाजूने लागला.

आज असं काही करायचं तर आधी फॉर्म, मग ऑडिट, मग कारणमीमांसेची मीटिंग; टायफॉइडने तोवर कळ काढावी. आणि त्याच जर्सी सिटीत न्यूअर्क अव्हेन्यूच्या आसपास राहणारे आपले क्वालिटीवाले? दिवसभर दुसऱ्यांच्या आयएसओच्या फायली तपासतात आणि घरी नळाचं पाणी फिल्टरमधून गाळून, वर उकळून पितात.