बिदरचा रंगपट

रंगांध पात्रनिवड म्हणजे भूमिका देताना नटाच्या कातडीचा रंग न पाहणे. ही व्याख्या विलायतेतली. मराठी आणि हिंदी ऐतिहासिक मालिकांनी तिच्यात किरकोळ दुरुस्ती केली आहे. इथे नटाचा रंग अगदी निरखून पाहिला जातो. पाहिला जात नाही तो इतिहासातल्या माणसाचा. डोळे दोन्हीकडे मिटलेलेच, फक्त मिटण्याची वेळ वेगळी.

विलायतेतला प्रकार आधी उरकून घेतलेला बरा. २०२० साली आलेल्या ‘ब्रिजर्टन’ या मालिकेत दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये इंग्लंडची राणी आणि कित्येक सरदार काळे दाखवले आणि त्यावर पुष्कळ शाई सांडली. २०२३ मध्ये क्लिओपात्राची भूमिका कृष्णवर्णी अभिनेत्रीला दिली गेली, तेव्हा इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने राणी गोरी होती असे पत्रकच काढले. मरून दोन हजार वर्षे झाल्यावर कातडीच्या रंगाचा सरकारी दाखला मिळणारी ती पहिलीच बाई असावी. ‘ब्रिजर्टन’च्या दुसऱ्या पर्वात हिंदुस्थानातून दोन बहिणी येतात. आडनाव शर्मा, भाषांच्या यादीत मराठी, वडिलांना म्हणायचे अप्पा, बहिणीला दीदी. हे कुठल्या प्रांतातले घर, असा प्रश्न अनेक भारतीय प्रेक्षकांना पडला आणि त्यांनी मालिकेची यथेच्छ टिंगल केली. बिदर जिल्ह्यातल्या भालकी-औरादकडच्या घरात मात्र त्यात हसण्यासारखे काही सापडणार नाही. तिथे घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दखनी चालते, आणि अप्पा तर दोन भाषांत सामाईक आहेत. मालिकावाल्यांनी अजाणतेपणी सीमाभाग रंगवला आणि श्रेय घ्यायचे राहून गेले.

बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे ऐतिहासिक मालिकेच्या दृष्टीने अत्यंत गैरसोयीचे आहेत. १३४७ मध्ये गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, बहमनी गादी स्थापन झाली आणि पंधराव्या शतकात अहमदशहा वलीने राजधानी बिदरला नेली. या दरबारात इराणी होते, खुरासानी होते, तुर्क होते, पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेले दखनी होते, हिंदू कारभारी होते आणि आफ्रिकेतल्या अबिसीनियातून आलेले हबशीही होते. भांडण होते ते आफाकी म्हणजे परदेशी आणि दखनी यांच्यात, कारण मानाच्या जागा थोड्या आणि दावेदार फार. या भांडणात हबशी सरदार दखनी बाजूला उभे राहिले. म्हणजे आफ्रिकेतून आलेला माणूस आपला आणि इराणातून आलेला परका. भूमिपुत्रांना प्राधान्य द्या, या मागणीचा इतिहास लिहायचा झाल्यास तिचे पहिले पान असे काळेसावळे निघते आणि पुढच्या पानांना ते जोडता येत नाही.

उदाहरण म्हणून गुलबर्ग्याचा दस्तूर दीनार घ्यावा. हा हबशी सरदार पंधराव्या शतकाच्या अखेरीस गुलबर्ग्याच्या मुलखाचा धनी होता. त्याने बंड केले, तो पकडला गेला, त्याला माफी मिळाली, मुलूखही परत मिळाला आणि १५०४ मध्ये विजापूरच्या यूसुफ आदिलखानाशी लढताना तो मारला गेला. बंड, कैद, माफी, मरण : चार पर्वे आयती. शेजारी बिदरला हबशी कोट नावाची टेकडीच आहे आणि तिच्यावर हबशी सरदारांच्या कबरी आहेत. एवढे सगळे तयार असताना मालिका मात्र बाजीरावांवर, झाशीच्या राणीवर, टिपूवर होतात. निर्मात्यांचीही अडचण समजून घेतली पाहिजे. दस्तूर दीनारची मालिका काढायची तर पहिल्याच दिवशी रंगपटात प्रश्न उभा राहील आणि रंगपटाकडे त्याचे उत्तर नाही.

रंगपटाकडे एकंदर दोनच रंग असतात. पहिला गोरा, तो नायक, नायिका, नायकाची आई, नायकाचा घोडेवाला आणि गरज पडल्यास शत्रूची मुलगी यांना लावतात. दुसरा करडा-तपकिरी, तो आधीपासून गोऱ्या असलेल्या नटाला काळे करण्यासाठी ठेवलेला असतो. ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका ऐतिहासिक नव्हे, पण या शास्त्रातला तिचा नमुना वगळता येत नाही. नायिकेचा काळा रंग हाच कथेचा विषय, आणि त्या भूमिकेसाठी उजळ अभिनेत्री निवडून तिला रोज मेकअपने सावळे केले गेले. महाराष्ट्रात सावळ्या मुली मिळत नाहीत, असा परप्रांतीयांचा समज व्हायला नको म्हणून इथे खुलासा केलेला बरा : मिळतात.

सुलतानासाठी वेगळा विभाग आहे. सुलतान ओळखावा कसा, तर डोळ्यांत सुरमा, अंगावर हिरवे, हातात मांसाची तंगडी आणि कारणावाचून गडगडाटी हसणे. या साच्यात महमूद गावान कुठेच बसत नाही. इराणातल्या गिलानचा हा व्यापारी बहमनी राज्याचा वजीर झाला, १४७२ मध्ये त्याने बिदरला मदरसा बांधला, तिथे ग्रंथसंग्रह जमवला, आणि १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे त्याचे डोके उडवले गेले. हातात तंगडीऐवजी पुस्तक असलेला मुसलमान वजीर दाखवायचा तर तो नेमका कुठल्या बाजूचा, हे पार्श्वसंगीत वाजवणाऱ्यालाही कळणार नाही.

तरी बिदरचा तो काळ पडद्यावर एकदा येऊन गेला आहे. अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात चौलच्या बंदरात उतरला, जुन्नरला त्याने पावसाळा काढला आणि पुढे तो बिदरला आला. त्याने लिहून ठेवले आहे की इथली माणसे काळी आहेत आणि आपण जाऊ तिथे गोरा माणूस पाहायला लोकांची रीघ लागते. साक्षीदार असा की त्याला कुठल्याच बाजूने पैसे मिळालेले नव्हते. या प्रवासावर १९५७ मध्ये भारत आणि सोव्हिएत रशिया यांनी मिळून ‘परदेसी’ नावाचा चित्रपट काढला. निकितीनचे काम रशियन नटाने केले. अचूकतेचा असा योगायोग पुन्हा घडलेला नाही. पाहुण्याने ज्या देशाच्या काळेपणाची नोंद केली, त्या देशाचे प्रतिनिधित्व नर्गिस आणि पद्मिनी यांनी केले. महमूद गावान झाले पृथ्वीराज कपूर. तीनच वर्षांनी ते ‘मुघल-ए-आझम’मध्ये अकबर झाले, म्हणजे बिदरच्या वजिराला बढती मिळाली.

ऐतिहासिक अचूकतेबद्दल महाराष्ट्र बेफिकीर आहे असा याचा अर्थ नाही. उलट, अचूकतेची तपासणी इथे फार कडक असते; फक्त ती पायांपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’तल्या काशीबाई पिंगा घालत नाचल्या म्हणून गदारोळ झाला. २०२५ च्या जानेवारीत ‘छावा’तले संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, तेव्हा ते दृश्य काढून टाकावे लागले. आक्षेपांत तथ्य होते की नव्हते हा वेगळा विषय. पण नाचाचा एकेक ठेका मोजणाऱ्या या परीक्षकांनी, उन्हातान्हात सह्याद्री पालथा घालणारा मावळा वातानुकूलित खोलीतून आत्ताच बाहेर पडल्यासारखा कसा दिसतो, अशी हरकत घेतल्याचे दिसत नाही. ती घेतली असती, तर मलिक अंबरच्या नावाचीही चर्चा झाली असती. अबिसीनियातल्या हरारकडून गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनमध्ये आलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि राजांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. शिवरायांच्या घराण्याची ही सेवा एका काळ्याकभिन्न आफ्रिकी सेनापतीच्या हाताखालची आहे. जहांगीर बादशहाने तर त्याच्या डोक्यावर बाण मारतानाचे स्वतःचे चित्र काढवून घेतले, कारण प्रत्यक्षात ते डोके त्याच्या हाती कधी लागलेच नाही. सूड चित्रावर भागवून घेण्याची पद्धत तेव्हापासूनची आहे.

वादातून सुटण्याचा खात्रीचा मार्ग १९९० मध्ये दूरदर्शनवर सापडला. टिपू सुलतानावरची मालिका भगवान गिडवानी यांच्या कादंबरीवर आधारलेली होती, आणि ही कल्पित कथा आहे अशी सूचना दाखवण्याच्या अटीवर ती प्रसारित झाली. टिपूच्या मालिकेला टिपूशी असलेले नाते नाकारूनच पडद्यावर येता आले. पुढे सर्वच निर्मात्यांनी हा धडा गिरवला. आता सूचना इतक्या वेगाने सरकते की ती वाचायला अचूकता नव्हे, चपळाई लागते. बाकीचे सारे ‘सिनेमॅटिक लिबर्टी’ या सदरात जमा होते. हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याला प्रतिशब्द शोधण्याची गरज कोणालाच वाटली नाही. ‘थाप’ हा जुना शब्द होता, पण तो लहान पडला.

पौराणिक मालिकांचे प्रकरण याहून सोपे आहे, कारण तिथे पुरावा नावातच असतो. कृष्ण म्हणजे काळा. द्रौपदीचे एक नाव कृष्णा. महाभारत रचणारे व्यास कृष्ण द्वैपायन. दूरदर्शनच्या ‘महाभारता’त या तिघांपैकी एकही काळा नव्हता आणि संपूर्ण देशाने दर रविवारी हात जोडून ते मान्य केले. त्याच सुमारास पीटर ब्रुक नावाच्या इंग्रज दिग्दर्शकाने आपल्या ‘महाभारता’त भीष्म आणि भीम ही कामे आफ्रिकी नटांना दिली, तेव्हा मात्र हे आपले नव्हे असे पुष्कळांना वाटले. पंढरीच्या विठोबाला सावळा म्हणण्यात वारकऱ्यांची सातशे वर्षे गेली. तो ‘विठू माउली’ या मालिकेत आला तो चांगला उजळून. कानडाही राहिला नाही; शुद्ध मराठी बोलतो.

खरे तर या विठोबानेच बिदरला एक पात्रनिवड करून दाखवली होती. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार लोकांसाठी खुले केले आणि बादशहाने त्यांना बिदरला बोलावले. कथा सांगते की त्यांच्याआधीच विठू महार नावाचा माणूस दरबारात पोचला, धान्याचे पैसे मोजले आणि पावती घेऊन गेला. देवाने नेमकी ही भूमिका निवडली, ना ब्राह्मणाची, ना सरदाराची. दरबारात कोणी जात विचारली नाही, पोशाख तपासला नाही, भावना दुखावल्या असाही अर्ज आला नाही. पैसे पुरे भरले आहेत की नाहीत, तेवढे पाहिले. आज ही कथा पडद्यावर आणायची झाली तर विठू महाराच्या भूमिकेसाठी गोरा, व्यायामशाळेतला तरुण मिळेल, आणि बादशहाच्या हातात तंगडी.

असल्या गोष्टी फक्त कथेतच घडतात असेही नाही. बिदरजवळ अष्टूरला अहमदशहा वलीची कबर आहे. तिथला उरूस हिंदू तिथीने भरतो आणि त्यासाठी कलबुर्गी जिल्ह्यातल्या मड्याळचा लिंगायत जंगम अनुयायांसह पायी येतो, नारळ फोडतो, फुले वाहतो. तिथल्या अनेक भाविकांसाठी हा सुलतान म्हणजे अल्लमप्रभूंचा अवतार. सुन्नी घराण्यातला, इराणी सूफींचा शिष्य, आणि आता वीरशैव संत. त्याला कुठल्याही मालिकेने इतक्या वेगळ्या भूमिका दिल्या नसत्या. पण गावाने दिल्या, आणि त्या अजून चालू आहेत.

रंगपटवाल्यांना एक सूचना मात्र करता येते. बिदरी काम जस्त आणि तांबे यांच्या मिश्र धातूवर करतात. चांदीची तार ठोकून बसवली की शेवटी ते भांडे बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या गरम द्रावणात घालतात. धातू काळाभोर होतो, चांदीला काही होत नाही, आणि त्या काळ्यावरच ती उठून दिसते. माती किल्ल्यात अजून आहे. मुंबईच्या स्टुडिओंनी एकदा पोते भरून मागवून पाहावी.