अडकलेल्या कागदाचा पंचनामा

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील सर्व कार्यालयांच्या माहितीसाठी व तात्काळ कार्यवाहीसाठी. नंदुरबारकरांनी वाचल्यास हरकत नाही.)

झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला की भोवती आधी माणसं जमतात. त्यातला सर्वांत ज्येष्ठ माणूस मशीनच्या कुशीत एक थाप मारतो, दुसरा "बंद करून चालू करा" असा सल्ला देतो आणि तिसरा विचारतो, "काय व्हयनं भाऊ?" तिन्ही उपाय निरुपयोगी आहेत. तिसऱ्याने निदान मशीनचं नुकसान होत नाही.

बंद-चालू का चालत नाही, हे एकदा कळलेलं बरं. कागदाच्या वाटेवर जागोजागी सेन्सर बसवलेले असतात. त्यातल्या एखाद्याच्या दांडीखाली नखाएवढा तुकडा राहिला, तर मशीन रात्रभर बंद ठेवलं तरी सकाळी तेच रडगाणं गातं. त्याची स्मरणशक्ती आस्थापना शाखेपेक्षा चांगली आहे.

तेव्हा पंचनामा रीतसर करा. दार उघडा, रंगीत खटके सैल करा, कागद दोन्ही हातांनी धरा आणि तो ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेला हळू ओढा. उलटा ओढाल तर फाटेल. फाटलाच, तर तुकडे टेबलावर जुळवून पान पूर्ण झालं का ते पाहा. कोपरा बेपत्ता असेल तर तपास चालू ठेवा. मात्र बाहेर पडण्याच्या वाटेवर गरम रूळ असतात. तिथे टोनर, म्हणजे रंगीत प्लास्टिकची भुकटी, वितळवून कागदावर पक्की करतात. पावणेदोनशे अंशांच्या आसपासच्या त्या उष्णतेत बोट घालून शौर्य दाखवू नका. १९५९ साली आलेल्या झेरॉक्स ९१४ या, साध्या कागदावर नकला काढणाऱ्या पहिल्या यशस्वी ऑफिस मशीनसोबत कंपनी आग विझवायचं नळकांडं देत असे, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

कागद अडकतो कशाने? पाठकोऱ्या कागदाने. काटकसर म्हणून जुन्या नोटिसा ट्रेमध्ये भरल्या जातात, आणि त्यांतल्या एका तरी नोटिशीला पिन लागलेली असते. पिन आत गेली की ड्रमवर, म्हणजे भुकटी कागदावर उतरवणाऱ्या रुळावर, चरा उमटतो आणि वाचवलेल्या कागदांची किंमत नव्या ड्रमच्या बिलात व्याजासकट वसूल होते.

आता खानदेशाच्या खास रोगाकडे वळू. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. साहेबांच्या दालनात कूलर येतो. कूलरच्या झोतात माणसांना जागा पुरत नाही, पण झेरॉक्स मशीनला बरोबर मिळते, कारण प्लगपॉइंट तिथेच असतो. पाण्याने भरलेली हवा दिवसभर उघड्या रिमवर वाहते. कागद ओलावा पितो, कडा वळतात आणि सातबारा निम्मा फिकट निघतो.

यात मशीनचा दोष नाही. चेस्टर कार्लसन या, एका कंपनीच्या पेटंट विभागातल्या नोकराने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात पहिली नक्कल काढली, ती गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून. घासण्याने साठलेल्या विजेवर भुकटी चिकटते, एवढंच त्यातलं मर्म. आजच्या मशीनमध्ये रुमाल नाही, पण वीज तीच. कागद ओला झाला की ती गळते आणि भुकटी ड्रम सोडून कागदावर यायला तयार होत नाही. कूलर हलवला की उलटा त्रास: धुळ्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कागद एकमेकांना असे चिकटतात, की एकाच्या जागी दोन आत जातात. उपाय: रिम शेवटपर्यंत वेष्टनात ठेवायची, लागेल तेवढेच कागद काढायचे आणि ट्रेत भरण्यापूर्वी गड्डी पत्त्यांसारखी फुलवून घ्यायची. कार्यालयात हे कौशल्य मुळात उपलब्ध असतं.

प्रतीवर उभी काळी रेघ येत असेल, तर तोच कागद वरच्या फीडरमधून न घालता काचेवर ठेवून पाहा. रेघ गेली? मग शेजारच्या अरुंद काचपट्टीवर कुणाच्या तरी व्हाइटनरचा ठिपका वाळलेला आहे. मऊ कापडाला थोडं स्पिरिट लावून पुसा, काचेवर ओतू नका. ठिपके ठरावीक अंतराने येत असतील, तर फुटपट्टी घ्या. तीस मिलिमीटर व्यासाचा ड्रम सुमारे चौऱ्याण्णव मिलिमीटरला एक फेरा पुरा करतो. तेवढंच अंतर भरलं, तर गुन्हेगार ड्रम. तो उन्हात नेऊन न्याहाळू नये, प्रकाशाने बिघडतो.

"डावीकडची अक्षरं कापली जातात" ही तक्रार मात्र मशीनकडे आणू नये. कडेचे काही मिलिमीटर मशीन कोरेच सोडतं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात, पहिल्याच समासात, समर्थांनी पोथी लिहिताना चौफेर समास सोडायला सांगितलं आहे: कागदाची कड झिजली तरी अक्षराला धक्का लागू नये म्हणून. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात त्या परंपरेची हस्तलिखितं जपून ठेवली आहेत. आपल्याकडे टिपणी समासातच लिहितात आणि मग त्यावरच पंचिंग मारतात.

हे सगळं करूनही मशीन चाललं नाही, तर दुरुस्तीचा प्रस्ताव सादर करावा. तो तीन प्रतींत लागतो. प्रती कार्यालयासमोरच्या टपरीवर काढाव्यात. तिथलं मशीन आपल्यापेक्षा जुनं असतं, उन्हात असतं, आणि चालू असतं. पावती मागून घ्या, आणि पावतीचीही एक झेरॉक्स तिथेच काढा. बिलाला जोडावी लागते.