गाडी लागली

ती. आई-बाबा (दौंड) आणि ती. पपा (शिरूर), यांना सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात फोनवरून दोन घरी दोन बातम्या गेल्या. दौंडला कळलं, सूनबाईंनी ठरलेला मुक्काम सोडून गाडी डोंगरापलीकडे भलतीकडेच नेली. शिरूरला कळलं, जावई डोंगर बघूनच आडवे झाले. दोन्ही बातम्या खऱ्या, पण अर्ध्या. म्हणून हा एकच वृत्तांत दोन्हीकडे धाडला आहे. पक्षपाताचा आरोप नको, म्हणून यात ‘मी’ कुठेच नाही. चिरंजीव ते दौंडकर, सूनबाई त्या शिरूरकरीणबाई. सहा महिन्यांसाठी इथे डॅलसला आलेल्या शिरूरच्या आई मात्र आईच.

प्रवासातलं कळतं कुणाला, हा या घरातला जुना तंटा. दौंडकर जंक्शनचे. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून आपल्या घराण्याच्या रक्तात वेळापत्रक आहे, असा त्यांचा सूर असतो. शिरूरकरीणबाईंचा भरवसा रस्त्यावर. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुणे–नगर रस्त्यावर धावली आणि तो रस्ता शिरूरवरून जातो, हे त्या चहाच्या कपागणिक ऐकवतात. भाषेतही फरक आहेच. दौंडात ‘गाडी लागली’ म्हटलं की माणसं पिशव्या उचलून फलाटाकडे धावतात. शिरूरच्या एसटीत तेच शब्द कानी पडले, की शेजारचा प्रवासी मुकाट्याने खिडकीची जागा सोडतो.

यंदाचा बेत कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानाचा. डॅलसहून डेन्व्हर सुमारे ८०० मैल. पहिली रात्र अमरिलोत, दुसरी डोंगराच्या पायथ्याशी एस्टेस पार्कला. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम सव्वाशे फूट खाली एक आख्खं शहर! हे कळल्यावर दौंडकरांनी कॉलेजात दोनदा सर केलेलं कळसूबाई आणि दर रविवारचा सिंहगड काढला, तो एस्टेस पार्क येईपर्यंत पुरला. आपण जिथून निघालो ते डॅलस साडेचारशे फुटांच्या आतलं, खुद्द दौंडहूनही सखल, हा हिशेब कुणीच मांडला नाही.

एस्टेस पार्कहून सकाळी निघताना आईंनी धाकट्या नातवाच्या बुडाखाली वर्तमानपत्राची घडी सरकवली. पेपरावर बसलं की गाडी लागत नाही, हे शास्त्र त्यांनी माळशेजच्या एसटीत तपासून पाहिलेलं. पान एकच होतं, लोणच्याच्या बरणीला गुंडाळून शिरूरहून आलेलं. दौंडकर मोठ्याने हसले. ते हसणं लक्षात ठेवावं.

ट्रेल रिज रोड हा एस्टेस पार्क ते ग्रँड लेक असा ४८ मैलांचा रस्ता. त्यातले ११ मैल इतक्या उंचावरून जातात की तिथे झाडच उगवत नाही. सगळ्यात उंच जागा १२,१८३ फूट. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला आभाळ. मुलं चित्कारत होती. चिवड्याचं पाकीट फुगून उशीसारखं टम्म झालं होतं. आणि दौंडकर गप्प होते. लग्नाला चौदा वर्षं झाली, हा माणूस गाडीत कधी गप्प बसलेला नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आधी डोकं ठणकायला लागलं, मग जांभया. ११,७९६ फुटांवरच्या पर्यटक केंद्राच्या आवारात गाडी उभी राहते न राहते, तोच डब्यांची पिशवी धारातीर्थी पडली. आईंनी आवळा सुपारी दिली, लिंबू हुंगवलं. गुण नाही. येईल कसा? ही गाडी लागलेली नव्हतीच, उंची लागली होती.

हवेत प्राणवायूचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं; पण दाब उतरतो, आणि बारा हजार फुटांवर एका श्वासात एकतृतीयांशाहून जास्त प्राणवायू कमी मिळतो. साधारण आठ हजार फुटांपुढे हा त्रास सुरू होऊ शकतो. शरीराला सवय व्हायला वेळ द्यायचा, नाहीतर डॉक्टरांना विचारून आधीपासून गोळी घ्यायची. तालमीतलं शरीर असलं म्हणून सूट मिळत नाही. सहासष्टीच्या आई शेजारी बसून भाकरी-ठेचा खात होत्या. धाकटाही ठणठणीत. “पेपर,” एवढंच त्या म्हणाल्या.

यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. दौंडला पूर्वी इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि गाडी उलटी निघायची, तसं मागे फिरा, असं दौंडकर कण्हत म्हणाले. पण मागे फिरलं तर आधी पुन्हा १२,१८३ फुटांवर चढायचं होतं. पुढे ग्रँड लेककडे मात्र सगळा उतार, थेट ८,३६९ फुटांपर्यंत. तिथल्या वनरक्षकानेही तेच सांगितलं. चाव्या शिरूरकरीणबाईंकडे आल्या. एस्टेस पार्कच्या खोलीचे पैसे बुडाले, हे दौंडकरांनी डोळे मिटल्या मिटल्या तीनदा सांगितलं, त्यावरून ते शुद्धीवर असल्याची खात्री पटली.

वाटेत पावणेअकरा हजार फुटांवर मिल्नर खिंड लागली. इथे पाण्याची वाटणी होते: पूर्वेकडचं अटलांटिकच्या बाजूला, पश्चिमेकडचं पॅसिफिकच्या. शिरूरकरीणबाईंनी मुलांना दौंडची भीमा समजावली. उगम सह्याद्रीच्या माथ्याशी, अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी ती निघते बंगालच्या उपसागराकडे. आणि शिरूरची घोडनदीही शेवटी भीमेलाच जाऊन मिळते. “ते लेक देतानाच कळलं होतं,” आई म्हणाल्या. मागच्या सीटवरून हसू ऐकू आलं. उतार पडायला लागला होता.

ग्रँड लेकला रात्रभर झोप, पाणी, मऊ भात. सकाळी दौंडकरांनी स्वतःहून चहा मागितला. मुलांना तळ्याकाठी मूस नावाचं भलंमोठं हरीण दिसलं. दौंडकरांना तेही चुकलं, ते अंघोळीला गेले होते.

आता कामाचं. आईंनी रांजणगावच्या महागणपतीला अकरा नारळ बोलले आहेत, ते पपांनी वाहावेत. दौंडकर म्हणतात, त्यांनी मनातल्या मनात सिद्धटेकला बोललेलं आहे. तो उजव्या सोंडेचा, तेव्हा बाबांनी ते लांबणीवर टाकू नये. पुढच्या महिन्यात शेजारचं कुटुंब पुण्याहून परत येतंय, त्यांच्याबरोबर आवळा सुपारीची चार पाकिटं पाठवावीत. प्रत्येक पाकीट वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळावं, पान पूर्ण असावं. दौंडकरांचं माप मोठं आहे.