अजून एक पिळा

पहाटे सहाची वेळ. डाळिंबाच्या बांधावर मी फवारणीचा पंप दोन्ही गुडघ्यांत आवळून बसलो होतो. पाठीवरचा पंप, १६ लिटरचा. त्याचं झाकण निघत नव्हतं. उजव्या हाताने पिळून झालं, डाव्या हाताने झालं, उपरण्यात धरून झालं. पलीकडच्या रानातले तात्या बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, धार काढताय व्हय? मग आधी वासरू तरी सोडा."

पस्तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. ज्याच्या हाताने झाकण निघत नाही त्याला आमच्या निरवांगीत काय, कुठेच पत नसते.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. इंग्लंडातला भाचा. तिकडे रात्रीचा दीड. अशा अवेळी फोन आला की काळजात धस्स होतं.

"मामा, घाबरू नका, सगळं बरंय. फक्त एक झाकण निघत नाहीये."

मी गुडघ्यांतल्या पंपाकडे पाहिलं. हा योग कोणत्या पंचांगात दिलाय, ते गुरवाला विचारायला हवं.

भाच्याने कॅमेऱ्यासमोर जी वस्तू धरली ती ई-सिगारेटची अंगठ्याएवढी काचेची टाकी होती. वर धातूची टोपी, खाली धातूचं बूड, आत तार आणि कापूस. तार तापते, कापसात मुरलेल्या रसाची वाफ होते, आणि माणूस ती ओढतो. सिगारेट सुटावी म्हणून घेतलं, असं त्याचं म्हणणं. तंबाखू सुटावी म्हणून मिश्री लावणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहिल्यात, म्हणून काही बोललो नाही. आपल्याकडे या यंत्राला २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. बनवायचं नाही, विकायचं नाही, बाहेरून आणायचं नाही, विकायला साठवायचंही नाही. बनवणं, विकणं, आणणं यांच्या पहिल्याच गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. तेव्हा मी जे पाहिलं ते फोनच्या काचेपलीकडून पाहिलं, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

पण बघता बघता माझ्या ध्यानात आलं की हा आपलाच पंप आहे. टाकी तीच, आटे तेच, आट्यांच्या मुळाशी बसवलेलं रबरी कडं तेच, आणि आत चिकट द्रव. फरक मापाचा. तिकडच्या कायद्याने त्याची टाकी दोन मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. म्हणजे माझी टाकी त्याच्या आठ हजारपट. मामाचं सगळं थोडं मोठंच असायचं.

"काल काय केलं होतंस?"

"जरा गळत होतं, म्हणून घट्ट लावलं."

"किती घट्ट?"

"लावलं, आणि मग अजून एक पिळा दिला."

या अजून एका पिळ्याने महाराष्ट्राचं जेवढं नुकसान केलंय तेवढं टोळधाडीनेही केलं नसेल. सोपानकाकांची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते, तेव्हा एका वर्षी पाण्याच्या टँकरचा कॉक ठिबकत होता. कुणाचा टँकर ते सांगत नाही. एकाने पिळला, ठिबकणं थांबेना. दुसरा म्हणाला, सरक, तुझ्यात जोर नाही. तिसऱ्याने पान्याला पाईप लावला. चौथ्याच्या वेळी कॉक हातात आला आणि वारकऱ्यांच्या आधी गावालाच आंघोळ झाली. गळत होता तो आतला वायसर झिजला म्हणून, आणि वायसर मिळतो किराणा दुकानातल्या चिवड्याच्या पुडीएवढ्या पैशात.

रबराच्या कड्याची गोष्ट मी वर्गात फार रंगवून सांगायचो. नील्स क्रिस्तेनसेन नावाचा डेन्मार्कमधून अमेरिकेत गेलेला म्हातारा कारागीर. त्याने खाचेत बसणारं साधं गोल कडं करून बघितलं आणि १९३९ साली त्याचं पेटंट मिळवलं. त्यातली गंमत अशी की हे कडं तुमच्या जोरावर गळती थांबवतच नाही. ते नुसतं टेकून थोडं दबलं की पुरे. पुढचं काम आतला दाबच करतो, कड्याला खाचेच्या कोपऱ्यात रेटून. टेकल्यानंतर पाव फेरा, बास. त्यापुढचा प्रत्येक पिळा कडं चेमटवतो, खाचेबाहेर ढकलतो आणि आट्यांना एकमेकांत चावायला लावतो. गळती मग वाढते, आणि माणूस आणखी पिळतो.

हेच कडं थंडीने कडक झालं तर काय होतं ते २८ जानेवारी १९८६ ला जगाने पाहिलं. चॅलेंजर यान उडाल्यावर ७३ सेकंदांत सात माणसांसह गेलं, ते बूस्टरच्या सांध्यातलं रबरी कडं गारठ्यात लवचिकपणा गमावून बसल्यामुळे. फाइनमन या शास्त्रज्ञाने चौकशीच्या वेळी कड्याच्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांसमोर दाखवला. आमच्या इंदापूर तालुक्यातच वालचंदनगरला इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरींची पोलादी आवरणं तयार झालीत. त्यांच्या सांध्यांना केसाएवढी चूक चालत नाही. आणि त्याच तालुक्यात मी एक प्लास्टिकचं झाकण गुडघ्यांत धरून बसलेलो.

भाच्याला म्हटलं, काच धरू नकोस, फुटली तर बोटं जातील. बूड एका हातात, टोपी दुसऱ्या हातात. आणि पक्कड तर नावालाही घेऊ नकोस. पकडीने गोल टोपी लंबगोल होते, मग ती देवालाही निघत नाही.

"डावीकडे फिरवू ना, मामा?"

"डावीकडे."

"पण मी उलटं धरलंय."

"मग... कुणाच्या डावीकडे?"

इथे पाच मिनिटं गेली. त्याने टाकी उलटी धरलेली, त्यात कॅमेरा त्याला आरशासारखं दाखवणार, आणि मी हवेत बोटं फिरवून दाखवत होतो. तात्यांना वाटलं मास्तरांवर वारं आलं. शेवटी म्हटलं, जो भाग काढायचाय तो तोंडासमोर आण आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलटा फिरव. हा नियम जग उलटं झालं तरी बदलत नाही. सायकलचं डावं पायडल मात्र अपवाद. त्याचे आटे उलटे. ते मी सांगायला नको होतं. "मग हेही तसलंच असेल का?" म्हणून त्याने उलट्या बाजूला जोर लावला. म्हणजे अजून एक पिळा.

त्याच्या रसात ग्लिसरिन असतं. ते आट्यांत उतरून चिकटलं की गुळाच्या डब्याच्या झाकणासारखी गत होते. त्यावर उपाय गुळाच्या डब्याचाच. कोमट पाण्याची धार टोपीच्या कडेवर धरायची. ग्लिसरिन गरम झालं की पातळ होतं, पाण्यात विरघळतं, आणि धातूची टोपीही कणभर फुगते. मग भांडी घासायचा रबरी हातमोजा घालून पिळायचं. उकळतं पाणी नको. गार काचेवर उकळतं पाणी ओतलं की काय होतं ते आमच्या घरात चहाच्या ग्लासांनी शिकवलंय. भाचा मोजा शोधायला गेला.

मी माझ्याकडे वळलो. आदल्या दिवशी डाळिंबाच्या तेल्या रोगासाठी बोर्डो मिश्रण मारलं होतं, एक टक्क्याचं: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. हे मिश्रण ज्या दिवशी करायचं त्याच दिवशी संपवायचं असतं. पण आभाळ आलं, पाऊस भुरभुरला, आणि मी पंप तसाच ठेवून घरी गेलो. विज्ञानाच्या मास्तराने. सकाळपर्यंत चुन्याचा निळसर थर जिथे जागा मिळेल तिथे बसला होता. पितळी नोझल तर निळ्या साखरेत घोळल्यासारखं.

तात्यांनी नोझल उचललं आणि फुंकायला तोंडाकडे नेलं. मी झडप घालून काढून घेतलं. औषधाचं नोझल तोंडाने फुंकायची ही सवय आमच्या पट्ट्यातून काही जात नाही. भाच्याच्या यंत्रावर कायदा झाला. यावर कोण करणार?

एव्हाना घरून ही चहा घेऊन आली. तिने पंपाकडे एकदाच पाहिलं.

"अहो, याचे गाल का बसलेत?"

मी पाहिलं. खरंच, टाकीच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या, आजारातून उठलेल्या माणसासारख्या. झाकणाच्या मधोमध एक टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. द्रव बाहेर गेला की तेवढी हवा त्यातून आत यायची असते. बोर्डोने ते बुजलं होतं. मी भर उन्हात उपसत राहिलो, आत हवा विरळ झाली, रात्री ती गार होऊन आणखी आकसली. बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने दाबते. माझं झाकण बारा सेंटिमीटरचं. आतला दाब दहावा हिस्सा जरी उतरला, तरी झाकणावर अकरा किलोचा दगड ठेवल्यासारखं झालं. गरम भाजी भरलेला डबा दुपारी उघडत नाही, ते याचमुळे.

पत्र्याचा डबा वाफेने भरून, बूच लावून, गार पाण्यात बुडवून चेमटवायचा प्रयोग मी दरवर्षी करून दाखवायचो. पोरं टाळ्या वाजवायची. तोच प्रयोग माझ्या गुडघ्यांत पाऊण तास चालला होता आणि मला कळला नव्हता.

हिने बांगडीतली पिन काढली आणि भोकात घातली. फुस्स. टाकीने गाल फुगवले. झाकण दोन बोटांनी फिरलं.

"निघालं!" मी ओरडलो.

"निघालं!" फोनमधून भाचाही ओरडला. त्याचं मोज्याने निघालं होतं. तात्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले.

नोझलला चिंचेचं पाणी घ्या, असं हिनेच सुचवलं. देवाची तांब्याची भांडी जशी उजळतात तसं. मात्र त्यासाठी भांडं दिलं नाही. "औषधाचं ते, घरातलं काही मिळणार नाही," म्हणून फुटक्या कुंडीचं बूड दिलं. चिंचेच्या आंबटाने तासाभरात निळा थर सुटला. वायसरला खोबरेल लावावं का म्हणून दुकानात विचारलं, तर दुकानदाराने अडवलं. तेलाने काही जातींचं रबर फुगतं, आणि फुगलं की पुन्हा झाकण अडकतं. सिलिकॉनचं ग्रीस हरभऱ्याएवढं पुरतं. भाच्याला तेही लागत नाही; त्याच्याच रसाचा एक थेंब बोटाने कड्याला फिरवला की काम झालं.

लावताना मात्र दोघांनी एकच करायचं ठरलं. आटे फडक्याने पुसायचे. झाकण ठेवून आधी उलटं फिरवायचं, 'टक्' असं बसल्याचं कळेपर्यंत. म्हणजे आटा आडवा चढत नाही. मग सुलटं, दोन बोटांनी, कडं टेकेपर्यंत. मग पाव फेरा. मग हात मागे बांधायचे.

पंप धुतला, हे सगळं मी खडूने त्याच्या अंगावर लिहून ठेवलं आणि पंप पडवीत उलटा टांगला. परवा तात्यांनी फवारायला नेला, काल संध्याकाळी आणून दिला.

झाकण निघत नाहीये.